आमची हिंदा खुबे बसवते

डॉक्टर हिंदा ही माझी सख्खी धाकटी बहीण. हे आधीच सांगून टाकतो, म्हणजे मागाहून कुणी म्हणायला नको की हा ट्रॅक्टरवाला हम्मादी एका डॉक्टरणीची एवढी तारीफ का करत सुटलाय. करणारच. माझीच आहे ती. आमच्या ऐन सूफ गावच्या सरकारी इस्पितळात ती हाडांचं बघते, आणि त्यातही तिचा खरा हात बसलाय तो खुब्यावर. झिजलेला खुबा काढायचा, नवा बसवायचा. ट्युनिसला मोठमोठे डॉक्टर आहेत, काचेची इस्पितळं आहेत, मी नाही कुठं म्हणतो. पण ट्युनिसची माणसं खुबा बसवून घ्यायला आमच्याकडे येतात, आणि रस्ता विचारायला माझ्या गॅरेजवर थांबतात. मी त्यांना चहा पाजतो, ती कुणाची बहीण ते सांगतो, आणि मगच रस्ता दाखवतो.

शाळा मी लवकर सोडली. शाळेलाही त्याचं फार वाईट वाटलं नाही. वडील गेले तेव्हा गॅरेज माझ्या गळ्यात पडलं आणि हिंदाही. दुपारी शाळा सुटली की ती गॅरेजमध्ये माझ्याशेजारी फतकल मारायची आणि फुटक्या बेअरिंगमधल्या गोळ्या डब्यात भरायची. बाहुल्या आणून दिल्या तर शेजारच्या पोरींना वाटून टाकल्या. एकदा मी एका ट्रॅक्टरच्या पुढच्या चाकाचा सांधा बदलत होतो. गहू कापणीला आलेला, गिऱ्हाईक डोक्यावर उभं. जुन्याच्या मापाचा नवा शोधला आणि ठोकायला घेतला, तर ही म्हणते, "खूया," म्हणजे दादा, "हा ट्रॅक्टर उतारावर चालतो का?"

"चालत असेल. तुला काय?"

"जुना एकाच बाजूनं झिजलाय. नवाही तसाच झिजणार."

त्या दिवशी मी आईला सांगितलं, ही पोरगी शिकणार, कितीही शिकणार, मध्ये कुणी बोलायचं नाही. कुणी बोललं नाही.

आता तिच्यात खोट नाही असं नाही. तिला अंडं उकडता येत नाही. पाणी आटून भांडं जळेपर्यंत ही खिडकीशी उभी. कारण खिडकीला तिचे एक्स-रे चिकटवलेले असतात. इस्पितळात कॉम्प्युटर आहे, त्यावर ती मापं काढतेच, पण आमच्या स्वयंपाकघराच्या खिडकीवर पुन्हा काढल्याशिवाय तिचं पोट भरत नाही. तिच्याकडे पारदर्शक पानं आहेत, त्यांवर नव्या खुब्याची चित्रं छापलेली. कमरेच्या हाडात बसते ती वाटी, वाटीत फिरतो तो गोळा, आणि मांडीच्या हाडात उतरतो तो दांडा. प्रत्येकाची लहानमोठी मापं. पान एक्स-रेवर ठेवायचं, सरकवायचं, डोळा बारीक करायचा, पुन्हा सरकवायचं. मी विचारलं, "ऑपरेशन टेबलावर होतं ना? मग इथं काय चाललंय?" तर म्हणाली, "ऑपरेशन इथंच होतं. टेबलावर फक्त रक्त येतं."

एक्स-रेत हाड असतं त्यापेक्षा मोठं दिसतं. म्हणून फोटो काढताना मांडीशी ठरलेल्या मापाची एक लोखंडी गोळी चिकटवतात. फोटोत गोळी किती फुगली ते बघायचं, त्या हिशेबानं हाड लहान करायचं. इस्पितळाची गोळी हरवली तेव्हापासून ती गोळी माझ्या गॅरेजची आहे. म्हणजे ऐन सूफमधल्या प्रत्येक नव्या खुब्यात थोडा मीही आहे.

पण मला सांगायची आहे ती उम्मी अल्जियाची गोष्ट. त्यातून आमची हिंदा काय चीज आहे ते कळेल.

आमच्या गल्लीत उन्हाळ्यात वर्षभराचा कुस्कुस होतो. गव्हाचा रवा, पाण्याचा हबका, आणि बायकांचे हात. प्रत्येकीपुढे रुंद लाकडी काठवट. तिच्या दोन्ही बाजूंना पाय पसरून, कमरेत वाकून, तळहातानं रवा गोल गोल वळत बसायचं, सकाळपासून ऊन उतरेपर्यंत. या बैठकीची मुकादम म्हणजे उम्मी अल्जिया. सगळी गल्ली तिला उम्मी म्हणजे आईच म्हणते, तिच्या हातून कुस्कुस वळायला न शिकलेली बाई आमच्याकडे सापडायची नाही. पण तिच्या उजव्या खुब्याची वाटी जन्मापासून उथळ. आमच्या डोंगराकडच्या मुलींत हे फार. तरुणपणी नुसती लचकत चालायची, म्हातारपणी सांधा पार घासून संपला. जमिनीवर बसली तर दोन माणसांनी उचलायला लागायचं. मग सुना-लेकींनी तिला बैठकीच्या कडेला खुर्ची दिली. खुर्चीवरून ती हुकूम सोडायची, पण हात रिकामे. आणि रिकाम्या हाताच्या मुकादमाचं कोण ऐकतं? पोरी हो हो म्हणायच्या आणि जाडजाड दाणे वळायच्या.

लेक नाजिया तिला ट्युनिसला घेऊन गेली होती. तिथला डॉक्टर म्हणाला, खुबा बदलून देतो, दुखणं जाईल, पण आयुष्यात जमिनीवर बसायचं नाही. उम्मी म्हणाली, "मग तुझा खुबा तुझ्याकडेच ठेव." आणि घरी आली.

शेवटी नाजियाला बरोबर घेऊन मी माझ्या गाडीत घालून तिला हिंदाकडे आणली. जबरदस्तीच म्हणा. हिंदानं खुर्ची दिली, पायाकडे बघितलं आणि विचारलं, "उम्मी, बसता येतं का?"

"नाही."

हिंदानं तिच्याकडे बघितलं. "मग आत्ता काय करताय?"

"आत्ता मी टेकलेय, बिंती, माझ्या लेकी. दांडीवर पोपट टेकतो तशी. बसणं वेगळं."

एक्स-रेवाला लतीफ दारात उभा होता. तो मध्येच म्हणाला, "उम्मी, काठवट टेबलावर ठेवून खुर्चीवरून वळायचा कुस्कुस. काय बिघडतं?"

"काही नाही. तू लग्नात नवरीला खुर्चीवर ठेव आणि नाच फोनवर दाखव. काय बिघडतं?"

 हिंदा म्हणाली, "मी आज हो म्हणत नाही. नाहीही म्हणत नाही. आधी फोटो."

लतीफनं उभ्यानं फोटो काढला, मग बाजूनं काढला. मग स्टुलाकडे हात केला, "आता बसा उम्मी," म्हणाला आणि यंत्र लावायला भिंतीआड गेला. बाहेर येऊन बघतो तर स्टूल रिकामं. उम्मी जमिनीवर. एका हातानं नाजियाचा खांदा, दुसऱ्या हातानं टेबलाचा पाय धरून ती घसरत खाली उतरली होती. दोन्ही पाय पसरलेले, अंग पुढं वाकलेलं, मध्ये काठवट तेवढी नव्हती. कपाळावर घाम, ओठ घट्ट.

"अहो, खाली काय बसलात? स्टुलावर बसायचं."

"तू बस म्हणालास. टेक म्हणाला असतास तर टेकले असते."

लतीफ हसला, नाजिया रडवेली झाली, मी उचलायला पुढं झालो. तेवढ्यात हिंदा आत आली.

"थांबा. कुणी हात लावू नका. लतीफ, असाच फोटो काढ."

"जमिनीवर? डॉक्टर, यंत्र एवढं खाली येत नाही."

"जेवढं येतं तेवढं आण. उरलेलं तू जा."

मग काय विचारता. यंत्र खाली ओढून ओढून तळाला आणलं. फोटोची पाटी कँटीनच्या पावाच्या खोक्याला टेकवली आणि बँडेजच्या पट्टीनं बांधली. लतीफ पालथा पडून नेम धरतोय, उम्मी वरून सांगतेय, "पोटात श्वास घे, पोरा, ढुंगण दिसतंय." फोटो निघाला. मग तिला उचललं, आणि हिंदा म्हणाली, "आता स्टुलावर टेका, उम्मी. तोही हवाय."

उम्मी आम्हाला म्हणाली, "ही पोरगी भाषा जाणते."

सगळे फोटो आमच्या खिडकीला लागले. उभी उम्मी, टेकलेली उम्मी, बसलेली उम्मी. हिंदा जेवायची थांबली. मग माझी पाळी आली. मला स्वयंपाकघरात जमिनीवर बसवलं, पायांत कढई दिली आणि वाक म्हणाली. माझ्या कमरेला, मांडीला कोनमापक लावला. माझी बायको चुलीशी हसून हसून खाली बसली, तर हिंदा तिला म्हणाली, "वहिनी, तुझंही माप घेते, अशीच राहा."

मग तिनं हातात एक वाडगा धरून मला समजावलं, आणि मी तुम्हाला सांगतो, कारण मला नीट समजलं. माणूस बसतो तेव्हा कंबर मागं कलते. कमरेच्या हाडातली वाटीही तिच्याबरोबर कलते, तिचं तोंड पुढं उघडतं, आणि वर येणाऱ्या मांडीला जागा होते. उम्मी स्टुलावर होती तेव्हा कंबर थोडी कलली होती. पण जमिनीवर बसून वाकली तेव्हा त्यापुढं काहीच नाही. तिचे मणके गंजलेल्या साखळीसारखे एकमेकांत जाम झालेले. मणके वाकत नाहीत, कंबर कलत नाही, मग सगळं वाकणं एकट्या खुब्यावर. अशा ठिकाणी साधी वाटी बसवली तर गोळ्याखालची दांड्याची मान वाटीच्या काठावर आपटणार, आणि पहारीनं दगड उपसावा तसा गोळा बाहेर.

"स्टुलावरचा फोटो एकटाच असता," ती म्हणाली, "तर मी साधी वाटी बसवली असती. आणि पहिल्या काठवटीला निखळली असती."

"म्हणजे ट्युनिसवाला बरोबर? बसायचं नाही?"

"त्याची भीती बरोबर होती. पण ती पाय पसरून बसते, हे आपलं नशीब. मांड्या जवळ घेऊन बसणारी असती तर मीही नाहीच म्हणाले असते."

तिनं ठरवलं ते असं. वाटी दुहेरी फिरणारी. म्हणजे लहान गोळा एका मोठ्या प्लॅस्टिकच्या गोळ्यात, आणि तो मोठा गोळाही चकचकीत वाटीत फिरणारा. आतला थांबला की बाहेरचा फिरतो, काठ लवकर आडवा येत नाही, आणि एवढा मोठा गोळा सहजी बाहेर पडत नाही. वाटीचं तोंड नेहमीपेक्षा थोडं पुढं उघडायचं. हाड म्हातारं, पोकळ, म्हणून दांडा सिमेंटमध्ये. आणि पाय जन्मापासून आखूड आहे तो पूर्ण बरोबर करायचा नाही. मी म्हणलं, करतेच आहेस तर दोन्ही सारखे कर की. म्हणाली, "एवढी वर्षं आखडलेली नस ताणली तर पाऊल लुळं पडेल. तिची कंबरही त्या आखूड पायावर बेतून बसलीय. थोडाच वाढवणार, शिंप्यासारखा."

तारीख ठरली. उम्मी भरती झाली. आणि आदल्या दिवशी कळलं, त्या जातीची वाटी तिच्या मापात आलीच नाही. उम्मीचं हाड लहान पोरीएवढं. आली होती ती मोठ्या मापाची.

विभागाचे मुख्य सी मुराद, म्हणजे मुरादसाहेब, भला माणूस. ते म्हणाले, "हिंदा, साधी वाटी लहान मापात आहे. ती लाव. जमिनीवर बसू नका म्हणून सांग. सगळे सांगतात."

"सगळे सांगतात, आणि घरी जाऊन सगळ्या बसतात, सी मुराद. मग खुबा निखळला की रडत आपल्याकडेच येतात."

"मग ही मोठी बसव."

"त्यासाठी हाड खरवडावं लागेल. वाटी राहील, तिला धरायला हाड राहणार नाही."

सी मुरादनी फोटो पुन्हा उजेडाला धरला. मग म्हणाले, "ठीक आहे, थांब. पण त्या बाईला तू सांग. मला भीती वाटते."

हिंदानं सांगितलं. मी दारात होतो. उम्मी उपाशीपोटी, इस्पितळाच्या झग्यात.

"उपाशी ठेवलंस आणि घरी पाठवतेस?"

"माप आलं नाही, उम्मी."

"चप्पल आहे का ही?"

"चप्पल मोठी झाली तर आत कागद कोंबता येतो."

 उम्मीनं नाजियाकडे बघून म्हणलं, "माझे कपडे आण."

त्या उन्हाळ्यात कुस्कुसची बैठक झाली, आणि उम्मी खुर्चीवरही आली नाही. खोलीतच राहिली. नमाजही पलंगावरून. गल्लीत बोलणं सुरू झालं, की हिंदाचा हात कचरला, पुस्तकातली डॉक्टर ती. कॅफेमध्ये एकानं माझ्यासमोर हे म्हणलं. मी त्याला सांगितलं, तुझ्या ट्रॅक्टरमध्ये मी दुसऱ्या मापाचा पिस्टन घालून देतो, मग बोल. तो अजून माझ्याशी बोलत नाही. ट्रॅक्टर मात्र माझ्याकडेच आणतो.

हिंदा दर शुक्रवारी उम्मीकडे जायची. शिव्या खायची. पलंगावर तिचा पाय हलवायची, मांडीचे स्नायू झडू नयेत म्हणून व्यायाम करून घ्यायची. उम्मी म्हणायची, "कशाला? खुबा तर तुझ्या खिडकीला टांगलाय." ही म्हणायची, "वाट बघतोय तो. तुम्ही पाय उचला." मी विचारलं, तुला राग येत नाही का? म्हणाली, "तिनं मला बसायला शिकवलंय, खूया. काठवटीशी." एवढंच. 

ऑलिव्ह झोडपायचे दिवस आले तेव्हा वाटी आली. हिंदानं डबा उघडायच्या आधी मापाचा आकडा तीनतीनदा वाचला. ऑपरेशनच्या दिवशी मी बाहेर उभा होतो, अर्थातच. आतलं मला नंतर नर्सनं सांगितलं. खरे भाग लावायच्या आधी मापाचे कच्चे भाग लावून बघतात. हिंदानं कच्चा खुबा लावला आणि उम्मीचा पाय काठवटीच्या बैठकीत आणला. गुडघा बाहेर, मांडी छातीकडे. पुन्हा, पुन्हा. पाय धरणाऱ्या मदतनीसाचे हात भरून आले. हिंदा म्हणाली, "अजून वाकव. ती ऊन उतरेपर्यंत वाकते." मग गोळ्याची मान थोडी लांब घेतली, पुन्हा वाकवून बघितलं, आणि मगच खरे भाग मागितले.

बाहेर आली तेव्हा चेहऱ्यावर मास्कच्या रेघा. मी आणलेला, हरीसाची तिखट चटणी लावलेला पाव तिनं उभ्यानंच खाल्ला आणि म्हणाली, "बसला."

दुसऱ्या दिवसापासून उम्मी वॉकर धरून उभी राहिली. पण हिंदानं सांगितलं, गव्हाला ओंबी येईपर्यंत जमीन नाही. नुसतं टेकायचं. उम्मीनं ऐकलं. कुरकुर केली, पण ऐकलं, कारण हिनं कधीच नाही म्हणलं नव्हतं.

आणि उन्हाळा आला. बैठकीच्या दिवशी हिंदानं रजा काढली. बायका काठवटी घेऊन अंगणात, आणि सगळ्या गप्प. आमच्या बायका गप्प, हे मी दफनविधीलाही बघितलेलं नाही. हिंदानं उम्मीला उतरायची रीत शिकवली होती. स्टूल धरायचं, चांगला गुडघा आधी टेकायचा, नवा पाय बाजूला सोडायचा. उम्मी उतरली. पाय पसरले. नाजियानं काठवट सरकवली. उम्मीनं बिस्मिल्ला म्हणून रव्यात हात घातला आणि वाकली.

हिंदा माझ्याशेजारी भिंतीला टेकून उभी होती. हातात ब्रीक होतं, अंडं घालून तळलेली घडीची पोळी, गरम. ते हातातच गार झालं. मी म्हणलं, "खा की." म्हणाली, "खातेय." खात नव्हती. तिची नजर उम्मीच्या मांडीवर.

तासाभरानं उम्मीनं शेजारच्या सुनेच्या काठवटीतून मूठभर दाणे उचलले, तळहातावर बघितले आणि परत टाकले. "हे काय, मेंढीच्या लेंड्या? पुन्हा वळ." आणि मग अंगण सुटलं. हसणं, गाणी, एकमेकींच्या सासवांची उणीदुणी. उम्मी ऊन उतरेपर्यंत वळत राहिली. उठताना नाजियानं हात दिला, तो तिनं बाजूला केला आणि स्टूल धरून उठली.

मी घरी येताना चौकात थांबून सगळ्यांना सांगितलं. हिंदा मात्र म्हणाली, "एकदा बसणं वेगळं. उद्या पाय कसा आहे ते बघू. निखळायचा असेल तर दमलेल्या पायातून निखळेल."

दुसऱ्या दिवशी भल्या सकाळी आम्ही दोघं उम्मीच्या दारात. नाजियानं दार उघडलं, तिचा चेहरा उतरलेला. "ती अंथरुणात नाही. न्हाणीतही नाही. मी आत्ताच उठले."

हिंदा जिन्याकडे बघत होती. वाफवलेला कुस्कुस वर गच्चीवर वाळत घातलेला असतो, आणि सकाळी तो हातानं फिरवावा लागतो. हिंदा दोन-दोन पायऱ्या चढत गेली. मी मागे.

गच्चीभर पांढऱ्या चादरी, त्यावर कुस्कुस. आणि मधोमध उम्मी अल्जिया, पाय पसरून, दाणे फिरवत.

हिंदाला धाप लागलेली. "मी बसायची परवानगी दिली होती. जिना चढायची नाही."

"मग इथवर कशी येणार होते? तू खुबा दिलास, पंख नाही दिलेस."

हिंदा तिच्यापुढं चादरीच्या कडेला खाली बसली. तिनं उम्मीची दोन्ही पावलं हातात घेतली, टाचा जोडून बघितल्या, नवा पाय हळूच आत-बाहेर फिरवला, मग मांडीवर हात ठेवला.

"दुखतंय?"

"हात दुखतायत. वर्षानुवर्षं रिकामे होते." उम्मीनं चाळणी तिच्याकडे सरकवली. "आलीच आहेस तर ते जाडे दाणे वेगळे कर. आणि नीट बस, टेकू नकोस."